येझी पावलोव्स्की: सेबरचा जगज्जेता, सैन्यातला मेजर, सीआयएचा हेर. याला कुठल्या खणात ठेवायचं?

दिवाभीत (धागाकर्ता)

ऑलिंपिकच्या जुन्या निकालांच्या याद्या चाळायचा मला नाद आहे. तलवारबाजीत पुरुषांच्या वैयक्तिक सेबरची (तलवारीचा एक प्रकार) यादी उघडा. १९२४ पासून १९६४ पर्यंत सुवर्णाच्या रकान्यात हंगेरी, हंगेरी आणि हंगेरी. महायुद्धात स्पर्धा झाल्याच नाहीत ती वर्षं सोडा, बाकी नऊच्या नऊ वेळा. आणि मग १९६८, मेक्सिको सिटी: येझी पावलोव्स्की, पोलंड.

माणूस कोण? जन्म १९३२, वॉर्सा. पेशाने पोलिश सैन्यातला अधिकारी, मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचलेला, शिवाय वकिली शिकलेला. १९५२ ते १९७२ ओळीने सहा ऑलिंपिक खेळला. १९५६ ला मेलबर्नमध्ये वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यं, १९६० ला रोममध्ये सांघिक रौप्य, १९६४ ला टोकियोत सांघिक कांस्य आणि १९६८ चं ते सुवर्ण. वैयक्तिक जगज्जेता तीनदा: १९५७, १९६५, १९६६. सांघिक जगज्जेतेपदं आणखी चार.

आता दुसरी बाजू. आधी पोलिश सुरक्षा यंत्रणेचा खबऱ्या, आणि १९६४ पासून सीआयएचा माणूस. एप्रिल १९७५ मध्ये अटक. पुढच्या एप्रिलमध्ये लष्करी न्यायालयाने २५ वर्षं ठोठावली. दहा वर्षं आत काढल्यावर जून १९८५ मध्ये बर्लिनच्या ग्लीनिके पुलावर हेरांची मोठी अदलाबदल झाली, त्यात याचंही नाव होतं. पलीकडे पश्चिम, मोकळीक, सगळंच. आणि गडी म्हणाला, मी नाही येत! वॉर्सातच राहिला, चित्रं काढली, श्रद्धोपचार करून लोकांना बरं करायचा उद्योग केला आणि जानेवारी २००५ मध्ये वारला.

मला दोन गोष्टींवर मतं हवी आहेत. एक, असा खेळाडू 'महान' म्हणून मिरवायचा की नाही? दोन, तो पूल का ओलांडला नसेल?

काडेपेटी

मी पहिली! लाह्या घेऊन बसले आहे. शंभरी नक्की.

नाना_निवांत

धागा चांगला, पण 'सैन्यातला मेजर' याने गैरसमज व्हायला नको. साम्यवादी देशांत कागदोपत्री व्यावसायिक खेळाडू नावाचा प्राणीच नव्हता. ऑलिंपिक हौशी लोकांसाठी, म्हणून खेळाडूला कुठेतरी चिकटवायचं. पोलंडमध्ये लेगिया वॉर्सा हा सैन्याचा क्लब आणि ग्वार्दिया पोलिसांचा. पावलोव्स्की लेगियाचा. अशा माणसाचा दिवस कवायतीच्या मैदानावर नाही, सरावाच्या हॉलमध्ये जायचा. बढत्या मात्र वेळच्या वेळी, पदकांच्या हिशेबाने. म्हणून त्याने रणगाड्यांचे नकाशे चोरले वगैरे चित्र डोळ्यांसमोर आणू नका. पण अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये ऊठबस, वरिष्ठांशी दोस्ती, सगळ्यांना याच्याबरोबर फोटो हवा... हेर म्हणून तेवढं भांडवल बास झालं.

दिवाभीत

@नाना_निवांत, आणि पासपोर्ट! त्या पोलंडमध्ये पासपोर्ट सरकारच्या कपाटात असायचा, मागून घ्यायचा आणि आल्यावर परत द्यायचा. हा मात्र वर्षातून कितीतरी वेळा पॅरिस, रोम, बुडापेस्ट करत होता. वरून कायदेशीर कारणाने.

उलटा_वार

मी कॉलेजात असताना सेबर खेळले आहे, भारी वगैरे नाही, पण या खेळाबद्दल थोडं लिहिते. कारण त्याशिवाय हा माणूस किती मोठा होता ते कळत नाही.

तलवारबाजीत तीन हत्यारं: फॉइल, एपे आणि सेबर. पहिल्या दोन्हींत फक्त टोक चालतं. सेबर घोडदळाच्या तलवारीची नात, त्यामुळे पात्याने वारही चालतो. लक्ष्य कमरेच्या वर, डोकं आणि हात धरून. फार वेगवान खेळ. आज अंगात तार, जाकीट धातूच्या धाग्यांचं, वार लागला की दिवा पेटतो. एपेला वीज १९३० च्या दशकात आली, फॉइलला पन्नाशीत. सेबरला मात्र फार उशिरा. ऑलिंपिकमध्ये थेट १९९२, बार्सिलोना. म्हणजे पावलोव्स्कीची अख्खी कारकीर्द माणसांच्या डोळ्यांसमोर झाली, दिव्यासमोर नाही.

तेव्हाची पद्धत अशी. मध्ये अध्यक्ष. चार बाजूंना चार पंच, दोघं एकावर नजर ठेवणार, दोघं दुसऱ्यावर. हालचाल थांबली की अध्यक्ष घडलेलं सगळं तोंडाने पुन्हा सांगणार: हल्ला याचा, अडवला त्याने, उलट वार त्याचा. मग विचारणार, लागला का? प्रत्येक पंचाचं एक मत, अध्यक्षाचं दीड. दोन्ही पंच ठाम असतील तर दोनापुढे दीड हरतं. एक जरी म्हणाला 'मला दिसलं नाही', की सगळं अध्यक्षाच्या हातात.

म्हणजे नुसता वार करून भागत नव्हतं. तो दिसायला हवा, ऐकू यायला हवा, आणि आधीचा हल्ला आपलाच होता हे अध्यक्षाला पटायला हवं. त्या काळचे मोठे खेळाडू वार करताना मनगट असं वळवायचे की पातं मास्कवर सपकन वाजायचं, आणि त्याच क्षणी वळून पाठ फिरवायची, जणू शंकाच नाही. पंच निकाल द्यायच्या आधी आपणच देऊन मोकळं व्हायचं. वीस वर्षं हे करून टिकणं म्हणजे खायचं काम नाही.

काडेपेटी

थोडक्यात, पाच अनोळखी माणसांना एकाच वेळी गंडवायचं आणि चेहऱ्यावरची रेषा हलू द्यायची नाही. सीआयएने जाहिरात देऊन शोधला असता तरी याहून लायक उमेदवार मिळाला नसता. 😄

उलटा_वार

@काडेपेटी, हसले, पण हूल हा सेबरचा प्राण आहे हे खरंच. डोक्यावर वार दाखवायचा, समोरच्याचं पातं वर गेलं की कुशीत मारायचा. पण हूल खोटी वाटून चालत नाही. हात खरंच डोक्याकडे गेला पाहिजे, तुमचाही क्षणभर विश्वास बसला पाहिजे.

पोलंडमध्ये हे रुजवलं एका हंगेरियनानेच, यानोश केवेई. युद्धानंतर तो पोलंडला गेला आणि त्याने तिथल्या पोरांचे पाय पळते केले. हंगेरीच्या देखण्या मनगटाला तोड म्हणून पायांचा वेग, झेपावून केलेले हल्ले. पावलोव्स्की, झाब्लोत्स्की, झूब ही सगळी त्याच्याच हातची पिढी. मायदेशाचं विद्येचं गाठोडं परक्यांना नेऊन दिलं म्हणून केवेईला मात्र कुणी गद्दार म्हटलं नाही!

सुभेदार_मेजर

काडी टाकलीच आहे तर आमचंही ऐका.

वर्दी अंगावर चढवताना शपथ घेतली जाते. ती सरकार आवडतं की नाही हे बघून घेतली जात नाही. गडी सरकारच्या खर्चाने शिकला, सरकारच्या खर्चाने जग फिरला, बढत्या घेतल्या, छातीवर पदकं लावली आणि दुसऱ्या देशाला बातम्या विकल्या. हेराला हेर म्हणून पकडलं, खटला चालवला, शिक्षा दिली. यात गहन काय आहे? खेळातलं कौतुक खेळात. पण 'बिचारा' म्हणून गळा काढू नका.

पारावरचा_मुंजा

@सुभेदार_मेजर, शपथ कुणाची हा प्रश्न पोलंडच्या बाबतीत इतका सोपा नाही. तो देश १९४५ नंतर कुणाच्या टाचेखाली होता ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच १९६८ च्या ऑगस्टमध्ये पोलिश सैन्य रशियनांबरोबर चेकोस्लोव्हाकियात घुसलं, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच सैन्याचा मेजर मेक्सिकोत पोडियमवर उभा होता. त्याच ऑलिंपिकमध्ये चेक जिम्नॅस्ट व्हेरा चास्लाव्स्काने सोव्हिएत राष्ट्रगीत चालू असताना मान फिरवली होती. तिची किंमत तिने पुढे कित्येक वर्षं मोजली.

आणि कर्नल कुक्लिन्स्कीचं काय म्हणाल? पोलिश जनरल स्टाफमधला अधिकारी. सत्तरच्या दशकात वॉर्सा कराराच्या (सोव्हिएत गटाची लष्करी युती) युद्धयोजनांची हजारो पानं अमेरिकेला दिली. १९८१ मध्ये निसटला, १९८४ मध्ये गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली. साम्यवाद गेल्यावर ती रद्द झाली, आणि २०१६ मध्ये त्याला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल केलं. शपथ तीच, सैन्य तेच.

सुभेदार_मेजर

मला हा दाखला येणार हे माहीतच होतं. कुक्लिन्स्कीबद्दल पोलंडमध्येसुद्धा आजही दोन तट आहेत, सगळा देश आरती ओवाळत नाही. पण तुमच्या पद्धतीने मोजलं तरी दोघांत फरक आहे. कुक्लिन्स्कीने एकच बाजू निवडली. आपल्या चॅम्पियनने आधी स्वतःच्याच लोकांची खबर सुरक्षा पोलिसांना दिली आणि नंतर त्या पोलिसांच्या मालकांची खबर अमेरिकेला. ज्या मित्रांच्या चहाड्या केल्या असतील त्यांना विचारा तत्त्व कुठलं ते.

पारावरचा_मुंजा

हा मुद्दा मात्र वजनदार आहे.

नाना_निवांत

लिहून ठेवा रे कुणीतरी, मुंजा कुणाच्या तरी मुद्द्याला वजनदार म्हणाला.

गडगडाट

अवांतर: तलवारबाजी आणि लबाडीचा विषय निघालाच आहे तर बोरिस ओनिश्चेंकोला विसरून कसं चालेल! १९७६, मॉन्ट्रियल, आधुनिक पेंटॅथलॉन, म्हणजे पाच खेळांची एकत्र स्पर्धा. त्यातली तलवारबाजी एपेने होते, विजेवर. सोव्हिएत गड्याने हत्याराच्या मुठीत छुपी कळ बसवली होती. दाबली की दिवा पेटणार, टोक लागो न लागो. ब्रिटिश खेळाडूंना संशय आला, कारण वार हवेत आणि दिवा चालू! हत्यार तपासलं, पठ्ठ्या बाद, अख्खा संघ बाद. आणि बरं का, तो आधीच ऑलिंपिक पदकविजेता होता, कळीची गरजही नव्हती.

उलटा_वार

आमचे सर हा किस्सा दर वर्षी नव्या पोरांना सांगायचे आणि मग सगळ्यांच्या मुठी तपासायचे.

काडेपेटी

म्हणजे वीज आल्यावर लबाडीचंही यांत्रिकीकरण झालं. पावलोव्स्कीच्या वेळी सगळं हातमागावर होतं.

खलाशी_काका

अवांतरात भर. तलवारबाज अधिकारी ही जुनी जात आहे. एकेकाळी युरोपातल्या सैन्यांत द्वंद्वाची रीत होती, अब्रूचा प्रश्न आला की तलवार. खेळ त्यातूनच आला, म्हणून सुरुवातीच्या पदकवाल्यांत अधिकारी भरपूर. १९२८ चा विजेता टेर्स्त्यान्स्की हंगेरियन सैन्यातला, पुढच्याच वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेला. १९३२ चा पिलरही अधिकारीच. १९५६ आणि १९६० चा विजेता रुडॉल्फ कार्पाती तर मेजर जनरल झाला, आणि व्हायोलिनही वाजवायचा! एकूण सहा ऑलिंपिक सुवर्णं. मेलबर्नला पावलोव्स्की हरला तो याच्याच मागे. अमेरिकेचा जनरल पॅटनसुद्धा तरुणपणी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉनला पाचवा आला होता, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन घोडदळाच्या सरळ पात्याच्या तलवारीचा आराखडा त्याने केला.

पावलोव्स्की या परंपरेतला शेवटच्या काहींपैकी. फक्त त्याच्या सैन्यात अब्रूची व्याख्या पक्षाचं कार्यालय ठरवत होतं.

रानजाई

ग्लीनिकेचा पूल मी पाहिला आहे. बर्लिनच्या वानझेकडून पॉट्सडॅमला जाताना हाव्हेल नदीवर लागतो. लोखंडी, हिरवा, आणि निम्म्या पुलाचा हिरवा एका छटेचा, निम्म्याचा दुसऱ्या. पूर्व आणि पश्चिम, दोघांनी आपापला अर्धा रंगवला. आता त्यावरून बस जाते, सायकली जातात. हेरांचा पूल म्हणून नाव खूप, पण तिथे अदलाबदली मोजक्याच झाल्या. १९६२ मध्ये अमेरिकेचा टेहळणी वैमानिक पॉवर्स आणि सोव्हिएत हेर आबेल, १९८५ ची ही मोठी, आणि १९८६ मध्ये सोव्हिएत बंडखोर श्चारान्स्की.

१९८५ ला पूर्वेकडे गेलेल्या चौघांत मुख्य मोहरा मारियन झाखार्स्की हा पोलिश हेर. अमेरिकेत जन्मठेप भोगत होता, कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनियरला फितवून रडार वगैरेची कागदपत्रं मिळवलेली. बदल्यात पश्चिमेला पंचविसेक माणसं. म्हणजे बघा, एक पोलिश हेर पोलंडला परतायला धडपडतोय, आणि दुसऱ्याला पोलंड बाहेर ढकलतंय आणि तो हलत नाही.

दिवाभीत

@रानजाई, माझा दुसरा प्रश्न तोच आहे, आणि त्यावर अजून कुणी बोललेलं नाही. लोक पॅटन आणि ओनिश्चेंकोकडे वळलेत. 🙂

खलाशी_काका

वळलो, पण परत येतो. पळायचंच असतं तर तो कधीच पळाला असता. १९५६ च्या मेलबर्नची वेळ आठवा. नोव्हेंबरात रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये, आणि हंगेरीचे खेळाडू तिकडे ऑस्ट्रेलियात. सेबरच्या सुवर्ण जिंकणाऱ्या संघातले मागाय आणि हामोरी अमेरिकेला गेले. पिलर प्रशिक्षक म्हणून गेलेला, तोही परतला नाही, सॅन फ्रान्सिस्कोत शिकवू लागला. ते सगळं पावलोव्स्कीच्या डोळ्यांदेखत झालं. त्यानंतर जवळपास वीस वर्षं तो पश्चिमेला ये-जा करत होता, प्रत्येक वेळी परतीच्या विमानात बसला. माणसाला ज्याची ओढ होती ते वॉर्सातच होतं, असा माझा अंदाज.

सुभेदार_मेजर

किंवा पश्चिमेत तो कुणीच नसता. वॉर्सात शिव्या घालायला का होईना, लोक ओळखत होते.

उलटा_वार

@सुभेदार_मेजर, हे कडू आहे पण खेळाडू असलेल्या कुणालाही पटेल. ५२ वर्षांचा सेबरवाला अमेरिकेत काय करणार? पोरांना पवित्रा शिकवणार. झूब इटलीत प्रशिक्षक झाला तसं, पण तो आपल्या मर्जीने गेला होता, कुणाच्या यादीत नाव घालून सोडलेला कैदी म्हणून नाही.

गडगडाट

माझं मत वेगळं. दहा वर्षं तुरुंगात काढली की आपण कुठल्यातरी बाजूचे आहोत यावरचा विश्वासच उडत असेल. पूल ओलांडणं म्हणजे 'होय, मी त्यांचाच' असं सगळ्या जगासमोर कबूल करणं. घरी राहिला तर निदान कुणाचाच नाही असं म्हणता येतं.

काडेपेटी

आणि श्रद्धोपचार? त्याबद्दल कुणीच काही बोलत नाही! दुहेरी हेर निवृत्त होऊन लोकांच्या डोक्यावर हात ठेवतो. वीस वर्षं डोक्यावर वार केले, आता त्याच डोक्यावर हात.

नाना_निवांत

भरपाई चालली असेल.

रानजाई

हसा तुम्ही, पण झाब्लोत्स्कीशी तुलना केली की मला वाईट वाटतं. तोही याच संघातला, याच केवेईचा शिष्य, तोही जगज्जेत्या संघात. वास्तुरचनाकार झाला, क्रीडासंकुलं बांधली, जलरंगात खेळाडूंची चित्रं काढली, २०२० मध्ये मानाने गेला. दोघंही म्हातारपणी रंगच कालवत होते. एकाच्या चित्रांबद्दल लोक चित्र म्हणून बोलतात, दुसऱ्याच्या चित्रांबद्दल 'तो हेर ना, तो' असं.

पारावरचा_मुंजा

पहिल्या प्रश्नाकडे येतो. १९६६ ची जागतिक स्पर्धा कुठे झाली माहीत आहे? मॉस्कोत. तिथे जाऊन, सोव्हिएत प्रेक्षकांसमोर, सोव्हिएत खेळाडू मैदानात असताना हा वैयक्तिक सेबरचा जगज्जेता झाला, आणि तेव्हा तो दोन वर्षं अमेरिकेचा हेर होता. पकडला गेला असता तर तिथल्या तिथे संपला असता. त्या मनःस्थितीत हात थरथरला नाही, यालाच मी महान म्हणतो. नैतिक प्रमाणपत्र नाही देत, खेळाबद्दल बोलतोय.

सुभेदार_मेजर

खेळाबद्दल माझाही विरोध नाही, पहिल्याच प्रतिसादात लिहिलं आहे. पण १९६८ चं सुवर्णसुद्धा पोलंडचं आहे. अटकेनंतर त्याचं नाव घेणं तिथे बंद झालं, तेव्हा त्या देशाने स्वतःचंच पदक झाकून ठेवलं. तो मूर्खपणा होता, हेही सैनिक म्हणूनच सांगतो. शत्रूने जिंकलेला गडसुद्धा आपण नकाशावरून पुसत नाही.

उलटा_वार

त्या अंतिम फेरीबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. पावलोव्स्की आणि सोव्हिएत संघाचा मार्क राकिता, दोघांचे विजय सारखे झाले म्हणून बरोबरी तोडायला पुन्हा लढत. तेव्हा लढत पाच वारांची असायची. स्कोअर ४-४. राकिता सहा वर्षांनी लहान. पावलोव्स्कीचा छत्तिसावा वाढदिवस जेमतेम आठवड्यावर. सेबरमध्ये ४-४ ला काय होतं सांगते: दोघांनाही हल्ला करायचा असतो, कारण एकाच वेळी लागलं तर हल्लेखोराला प्राधान्य. पण आधी निघालेला फसला तर संपला. म्हणून दोघं अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे, असं अंतर चोरत राहतात आणि पंचांच्या माना इकडून तिकडे. शेवटचा वार पावलोव्स्कीचा ठरला. ५-४.

त्या पाच जणांनी तो वार पाहिला आणि दिला. त्यात त्याचा हुद्दा, त्याचा पगार कुठून येतो, कुणाला चिठ्ठ्या लिहितो, हे काही नव्हतं. माझ्यासाठी त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं.

दिवाभीत

सगळ्यांचे आभार. मी सेबरच्या यादीत त्याला वर ठेवणार, माणूस म्हणून मात्र सुभेदारांचा तो चहाड्यांचा मुद्दा मला सोडवत नाही. दोन वेगळे खण करावे लागतील.

@खलाशी_काका, कार्पातीवर स्वतंत्र धागा काढा ना. जनरल, व्हायोलिन आणि सहा सुवर्णं, आणि भानगड एकही नाही?

काडेपेटी

भानगड नसेल तर धागा दहा प्रतिसादांच्या पुढे जाणार नाही. पण काढा, मी येते.

खलाशी_काका

रविवारी काढतो. सुभेदारांनी व्हायोलिनवर हरकत घेऊ नये.

सुभेदार_मेजर

आमच्या बँडमध्ये व्हायोलिन नव्हतं, बाकी हरकत नाही.